जेवण झाल्यावर

प्रमाणित करण्यात येते की सौ. सुविधा दीपंकर मधाळे, वय वर्षे अठ्ठावीस, माहेर सांबरा, सासर निपाणी, सध्या राहणार बेळगाव, बांधा मध्यम, वर्ण गव्हाळ, ओळखखूण डाव्या भुवईवर जुना व्रण, ही महिला बेळगाव येथील एका खासगी रुग्णालयात ‘नातेवाईक संपर्क’ विभागात कार्यरत आहे. मराठी, कन्नड, हिंदी उत्तम, इंग्रजी कामापुरती. वर्तन चांगले. संवादकौशल्य वाखाणण्याजोगे. तिच्याविरुद्ध एकही तक्रार नोंद नाही.

विभागाचं नाव भारदस्त असलं तरी काम एकच होतं. पेशंट गेला की घरच्यांना फोन करायचा, आणि गेला असं सांगायचं नाही. या भागात मरण फोनवर सांगत नाहीत. आधी ‘जेवलात का’ विचारायचं, मग ‘जरा जास्त आहे, जमलं तर निघा’ एवढं म्हणायचं. कळल्यावर माणूस जेवत नाही, आणि उपाशी माणूस वाटेत मोटारसायकलवरून पडतो. ‘तुमचं नाव घेतायत’ ही सुविधाची स्वतःची भर. त्यानं माणसं लवकर निघत. ऐकणारेही खुळे नसत. गाडीत बसेपर्यंत त्यांना सगळं उमगलेलं असे, फक्त दवाखान्याच्या दारापर्यंत कुणी ते तोंडानं बोलत नसे. ज्यांना खरोखरच जास्त असे त्यांच्या घरी डॉक्टर स्वतः फोन करत. ते फोन सुविधाकडे येत नसत.

सुविधाचं लग्न निपाणीत झालं. नवरा दीपंकर बेळगावच्या एका फाउंड्रीत इंजिनिअर. सासरे भीमाप्पा जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबलेले. मुलगी अक्षरा शिक्षिका झाली, मुलगा इंजिनिअर झाला, आणि वखारीतल्या धुळीनं भीमाप्पांची छाती गेली. लग्नात त्रिसरण-पंचशील सुरू असताना ते खुर्चीवर बसून होते, नाकात ऑक्सिजनची नळी. हनीमूनला बालीला जायचं बुकिंग झालं होतं, पण दीपंकरचा पाय निघेना.

“जावा रं,” भीमाप्पा म्हणाले. “मी काय पळून चाललोय व्हय?”

मग ते दोघं गेले.

बालीतल्या सहलीत एक दिवस बसनं बेट फिरण्याचा होता. बसमध्ये सगळी जोडपी भारतातली, बहुतेकांच्या अंगात एकसारखे फुलाफुलांचे शर्ट. गाइड वायन मोडकंतोडकं हिंदी बोलत होता आणि प्रत्येक नवऱ्याला ‘बॉस’ म्हणत होता. बस वळणं घेत डोंगरावर चढली आणि ज्वालामुखीसमोरच्या सज्ज्यावर थांबली. समोर काळा डोंगर, पायथ्याला जुन्या लाव्ह्याचा काळा पसारा, शेजारी तळं. धूर वगैरे काही नव्हता. वायननं सांगितलं की तो झोपलाय. सज्ज्याच्या कठड्याला बदामाच्या आकाराची वेताची चौकट उभी केली होती, आणि तिच्यात बसून फोटो काढायला जोडप्यांची रांग लागली होती. दीपंकर रांगेत उभा राहिला. तेवढ्यात सुविधाच्या फोनवर अक्षराचा फोन आला.

“सुविधा, कुठं हाईसा गं?”

“डोंगरावर, आक्का. बस थांबलीय.”

“जेवलासा?”

“नाही अजून. आता जेवणारच आहे.”

“आप्पांस्नी जरा जास्त झालंय. दवाखान्यात आणलंय. दीपूला दे की फोन. नाव घ्यायलेत त्येचं.”

सुविधानं कठडा धरला. वाक्य तिचंच होतं. अक्षराचा आवाज शांत होता, पाठीमागं माणसांचा गलका होता, आणि भावाला सोडून फोन तिला आला होता. तिनं जन्मात इतकी स्पष्ट बातमी ऐकली नव्हती.

फोन तिला आला, कारण तिथलं सिमकार्ड दोघांत मिळून एकच घेतलं होतं आणि ते तिच्या फोनमध्ये होतं. गलका होता, कारण तो दवाखाना होता. जेवणाचं विचारलं, कारण निपाणीत फोन तिथूनच सुरू होतो. आवाज शांत होता, कारण अक्षरा पाचवीच्या वर्गाला शिकवते. यातलं काहीही सुविधाच्या डोक्यात आलं नाही.

“ते फोटोच्या रांगेत आहेत, आक्का. जेवण झालं की लावते.”

“लगीच लाव गं.”

“हो. लावते.”

तिचा हिशेब सरळ होता. माणूस गेलेला आहे. परतीचं विमान कसंही केलं तरी दुसऱ्या दिवशीच मिळणार. आत्ता सांगितलं तर हा उपाशी राहणार, आणि निपाणीपर्यंत घास घेणार नाही. जेवू दे. रांगेत त्यांचा नंबर आला. ती बदामात बसली. फोटोवाल्यानं हसायला सांगितलं, ती हसली.

जेवण बुफे होतं, डोंगराकडे तोंड करून. दीपंकर भात घेऊन आला, मग नूडल्स, मग तळलेली केळी आणायला उठला.

“तू काय गं, पाहुणी आल्यासारखी बसलीयस? घे की.”

“बस लागलीय मला.”

“वळणं लई हाईत. सरबत आणू?”

“नको. तुम्ही जेवा.”

अक्षराचा परत फोन आला. सुविधानं आवाज बंद केला. माती किती वाजता, कुणाकुणाला कळवायचं, हेच विचारत असणार. ते दीपंकरसमोर कसं बोलायचं? पुन्हा आला. तिनं फोन पालथा ठेवला.

तळ्याकाठच्या रस्त्याला बस लागल्यावर तिनं त्याचा हात हातात घेतला. कामाच्या पद्धतीप्रमाणे आधी माणसाला बसवायचं असतं. तो बसलेलाच होता.

“आक्कांचा फोन होता. आप्पांना जरा जास्त आहे.”

दीपंकरही निपाणीचाच. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“गेले?”

तिनं होकाराची मान हलवली.

पुढच्या सीटांवर अंताक्षरी सुरू झाली होती.  त्यानं तिचा फोन मागून घेतला आणि अक्षराला लावला.

“कुठं हुतासा रं?” पलीकडून अक्षरा म्हणाली. आता तिचा आवाज शिक्षिकेचा राहिला नव्हता. “किती फोन केले. आत्ता गेले आप्पा. आत्ता, ह्या घडीला. डॉक्टर अजून हितंच हाईत.”

“आत्ता?”

“मोबाइल हातात धरून बसले हुते. पोराला लाव, त्यो डोंगर दाव म्हणत हुते. धूर येतोय का बघायचं हुतं त्यास्नी. दुसरं काय न्हाय.”

दीपंकरनं फोन मांडीवर ठेवला.

“तुला कधी कळलं?”

“जेवायच्या आधी.”

“जेवायच्या आधी ते जिवंत होते.”

सुविधानं सांगायचा प्रयत्न केला: आमच्याकडे असंच सांगतात, तुमच्याकडेही असंच सांगतात, तुम्हीसुद्धा आत्ता तसंच समजलात. तिचं सगळं खरं होतं. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं.

बेटाला फेरी मारणारी बस मध्येच माघारी वळत नाही. कॉफीचा मळा झाला, देऊळ झालं, माकडांचं वन झालं. ती दोघं आपापल्या सीटवर बसून राहिली. वायननं हात जोडून ‘सॉरी बॉस’ म्हटलं आणि दोन पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या. उतरताना फोटोवाल्याचा माणूस दारात उभा होता. बदामातला फोटो पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून तयार होता, आणि पॅकेजमध्ये धरलेला असल्यामुळे त्यानं तो दिला.

परतताना मुंबईहून गाडी केली. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं कन्नडमध्ये विचारलं, कुठं? ड्रायव्हरनं मराठीत सांगितलं, मयतीला. पोलिसानं मागच्या सीटवर वाकून पाहिलं. सुविधाची मेंदी अजून गडद होती. त्यानं हातानंच जावा म्हटलं.

भीमाप्पांना आदल्या दिवशी संध्याकाळीच नेलं होतं. वाट बघायची पद्धत आहे, पण अक्षरानं बघितली नाही. ती सुविधाशी बोललीही नाही, भांडलीही नाही. भावकीत मात्र बोलणं झालं. दवाखान्यात नोकरी करती, तिला मेल्यालं आणि जितं कळंना व्हय, असं एका चुलतीनं दारात बसून, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं.

सासू सोनुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सुविधाला जवळ बोलावलं.

“जेवला हुता का त्यो?”

“हो, आई. पोटभर.”

“मग बरं केलंस,” सोनुबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडावर घेतला.

 दीपंकर पुढं त्या विषयावर कधी बोलला नाही. घटस्फोट वगैरे झाला नाही. दोघं बेळगावात एका फ्लॅटमध्ये राहतात, रविवारी मटण आणतात, कुणाच्या बारशाला गेली तर शेजारी शेजारी बसतात. सुविधा त्याच विभागात आहे, आणि यंदा तिला बढती मिळाली.

तिचा फोन आला की दीपंकर तो वाजू देतो. आधी निपाणीला अक्षराला लावून सगळं ठीक आहे ना विचारतो, मग तिला उलट फोन करतो.