काथ्याचा दोर आणि निळी लोकर

माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मी कधी सरळ चालले असं कुणाला आठवत नाही. आई म्हणायची, "हिचं बूड टेकंल तवा सूर्य पच्छिमेला उगवंल."

शिमग्याला आमच्याकडे पोरींची शर्यत असे. शेवटी दोन होड्यांच्या मध्ये काथ्याचा जाड दोर ताणलेला. त्याला छाती लावली तर कातडी सोलून निघायची, म्हणून सगळ्या जणी वेग आवरून दोराखालून वाकून जायच्या. जी आधी वाकून पार होईल ती जिंकली. दरवर्षी मीच जिंकायचे.

शाळेत कवायत शिकवायला एक स्कॉटिश बाई होत्या. तरुणपणी त्या आपल्या देशाकडून परमुलखातल्या मैदानांवर धावलेल्या. ऐन भरातली वर्षं लढाईने गिळली आणि लढाई संपली तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्या मुली उभ्या होत्या. हे त्या रडून सांगत नसत, पण बोलताना त्यांच्या टाचा सारख्या वरखाली होत. मराठी त्या बाजारातल्या कोळणींकडून शिकल्या होत्या. तपासणीला साहेब आले की त्यांच्यासमोरही बाई त्याच बोलीत बोलायच्या आणि हेडमास्तरांना घाम फुटायचा.

बाईंनी मला मुंबईला निवडीच्या शर्यतीला नेलं. पहिली येईल तिला परदेशी जाणाऱ्या संघात जागा होती. मांडव्यापासून पार मुंबईपर्यंत मी लाँचमध्ये उभीच होते. धावायला लागले आणि सगळ्यांच्या पुढे गेले. समोर शेवटच्या रेषेवर ताणलेला लोकरीचा बारीक धागा दिसला. पायांनी आपल्या मनाने वेग आवरला, पाठ वाकली आणि मी धाग्याखालून निघाले. तेवढ्यात शेजारची मुलगी तो छातीने तोडून गेली. लोक खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मुंबयपरेंत जाऊन वाकून आलीस व्हय?" आई म्हणाली. मी ताटावरून उठले.

पुढच्या वर्षी पुन्हा निवड होती. वाकायची खोड तोपर्यंत मोडायला हवी होती. सरावाला ताणलेली सुतळी तुटेना, शिवायचा दोरा दिसेना आणि आमच्या उकाड्यात लोकर विकणार कोण? बाईंकडे त्यांच्या संघाचा एक निळा स्वेटर होता, छातीवर त्यांच्या देशाची खूण असलेलं काटेरी फूल विणलेला. तो त्यांनी माझ्यासमोर उसवायला घेतला.

"बाई, नको!" मी ओरडले.

"मंग वाकू नको."

रोज संध्याकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूत दोन काठ्या, मध्ये निळा धागा. मी धावायचे आणि वाकायचे. स्वतःचा असा संताप यायचा की मी वाळूला लाथा मारायचे. धागा तुटायचा तो वाकताना हाताला लागून, छातीने कधीच नाही, आणि रोज नवा उसवावा लागायचा. बाह्या संपल्या, पाठ संपली. फुलापर्यंत लोकर आली त्या संध्याकाळी मी डोळे उघडे ठेवून धागा छातीवर घेतला. बाईंनी फूल तेवढं कात्रीने कापून ठेवलं.

पुढच्या निवडीत मी वाकले नाही. संघात जागा मिळाली, संघाचा स्वेटरही मिळाला. तो घेऊन मी धावतच बाईंकडे गेले. त्या कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या, ट्रंक भरत होत्या.

"तिकडं थंडी असंल. ह्यो तुम्ही घ्या," मी म्हटलं.

बाईंनी वीण उलटसुलट करून पाहिली आणि स्वेटर माझ्या हातात परत दिला.

"ठेव. एखादी पोर दोराखालनं जाईल, तवा लागंल."