लाथेचं बटण

आम्ही लहान असताना इकडे हिंदी मुलखात, दौलतगंजच्या आमच्या घरात एकच कंप्युटर होता आणि त्यावर मोटरसायकलच्या शर्यतीचा मारामारीवाला गेम. पळत्या गाडीवरून शेजारच्याला साखळीने झोडायचं, लाथ घालून रस्त्याबाहेर उडवायचं. कीबोर्ड एक आणि आम्ही दोघं. दादा गाडी चालवायचा, माझ्याकडे लाथेचं बटण. "अभी नहीं... अभी नहीं... मार," तो म्हणायचा आणि मी मारायचे. पडलेला माणूस उठून आपल्या गाडीकडे धावायचा, लगेच पुन्हा शर्यतीत.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी आईला स्कूटीवर मागे बसवून नया बाज़ारातून घरी, दर्पण कॉलनीला आणत होते. रस्ता मोकळा होता. उजवीकडून एक मोटरसायकल अगदी जवळ आली. दोघं होते, हेल्मेट कुणालाच नाही. मागच्याचा हात आईच्या गळ्याकडे गेला. आई ओरडली नाही, फक्त तिने माझी कंबर घट्ट धरली. मंगळसूत्र ताणलं गेल्याचं मला त्या पकडीवरून कळलं.

मी विचार केला नाही. उजवा पाय उचलला आणि त्यांच्या टाकीवर सगळ्या ताकदीने मारला.

त्यांची गाडी दुभाजकावर आपटली. माझीही डगमगली, पण सावरली. स्कूटी थांबवून मागे वळून पाहिलं तर मागे बसलेला लंगडत गल्लीत पळत होता. चालवणारा पडून होता. मी त्याच्या उठण्याची वाट पाहत उभी राहिले. तो उठला नाही.

लोक जमले. कुणीतरी "चोर है" म्हणालं आणि त्याला लाथा बसू लागल्या. तिशीचा माणूस, कानातून रक्त येत होतं. मी गर्दीत घुसले. "हटिए, मर जाएगा," म्हणत त्याच्या डोक्याशी बसले. एक जण म्हणाला, "दीदी, आपने सही किया." मी फोन काढून ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आईने आपली शाल त्याच्या डोक्याखाली दिली. मंगळसूत्र तुटून तिच्या पदरात अडकलं होतं.

हवालदाराने विचारलं, "गिरे कैसे?"

माझ्याआधी आई बोलली, "गाड़ी अपने आप फिसल गई."

त्याने तेवढंच टिपून घेतलं.

संध्याकाळी दादाला पुण्याला फोन केला. तो हसला. "शाब्बास, विसरली नाहीस म्हणजे."

"दादा, तो शुद्धीवर नाहीये."

त्याचं हसणं थांबलं. मग म्हणाला, "आई म्हणते तेच सांग. तुझी नोकरी आहे, पोरगी आहे."

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. शाळेत फळ्यावर लिहिताना हात थांबायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी हवालदाराचा फोन आला: होश आलाय, हंसळी, म्हणजे गळ्याजवळचं हाड, आणि पाय मोडलाय, वाचेल. बयान द्यायला या.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "आता तरी जेव," म्हणाली.

पोलीस ठाण्यात कळलं की त्या माणसानेही गाडी घसरली असंच सांगितलं होतं. खरं सांगितलं असतं तर त्याला चोरी कबूल करावी लागली असती. आई माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

"पीछेवाला मंगलसूत्र झपट रहा था," मी म्हणाले, "और लात मैंने मारी."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "मैडम, जब दोनों तरफ़ से बात बन रही है, तो आप क्यों?"

"लिहा," मी मराठीतच म्हणाले. मग हिंदीत परत सांगितलं.

त्याने लिहिलं. मी दोनदा वाचून सही केली. पुढे माझ्यावर काही आलं नाही, स्वतःच्या बचावात केलं असं धरलं गेलं. पण त्या दिवशी ते माहीत नव्हतं. आई माझ्या स्कूटीवर बसली नाही, रिक्षाने घरी आली.