एकाच नावाचा सातबारा

वडील गेले ते शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास. आगाशीची आमची केळी-पानवेलीची वाडी आणि तिच्यातलं घर त्यांच्याच नावावर. मृत्युपत्र वगैरे त्यांनी काही केलं नव्हतं. तो विषय काढणंसुद्धा आमच्याकडे अभद्र मानत. तेरावं आटोपल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर तीन नावं आली. आई, धाकटा भाऊ आणि मी.

लग्न झालेल्या बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यायचं, भावाने तिला साडी नेसवायची, ही आमच्यातली रीत. हिस्सा मागणारीची चर्चा बाजारात, एसटीत, कुठेही होई. मला ती नको होती. खरं सांगायचं तर चांगली बहीण म्हणवून घ्यायची मला हौसच होती.

भाऊ फक्त माझी सही मागत होता. आईचं नाव काढायचं त्याच्या मनातही नव्हतं. ते खूळ माझं. मी कचेरीत कारकून, कागदपत्रांत मला फार कळतं असा माझा समज. "आईचंही आताच करून टाक," मी म्हटलं. "उद्या तिच्यामागे पुन्हा वारसनोंद, पुन्हा खेटे. एकाच नावावर असलं की कटकट मिटली."

आई म्हणाली, "माझं नाव राहिलं तर काय बिघडतं?"

"अगं, नाव गेलं म्हणून वाडी कुठे जाते? तू तिथेच राहणार ना?" मी वैतागूनच बोलले. निबंधक कार्यालयात तिने एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. मला ऑफिस गाठायची घाई होती.

चार-पाच वर्षांत इमारती आमच्या कुंपणापर्यंत आल्या आणि भावाने घरासकट वाडी बिल्डरला दिली. आई नको म्हणाली, रडली, दोन दिवस जेवली नाही. पण तिची सही कुठे लागतच नव्हती. मी तावातावाने भावाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, कटकट नको असं तूच म्हणाली होतीस ना?" कप्पाळ माझं! माझीच मला लाज वाटली.

त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये जायला आईने साफ नकार दिला. ती विरारला माझ्याकडे आली. चाळीस वर्षं तिने ती वाडी राखली होती, मजुरांवर ओरडली होती, शेजारणींना टोपल्या भरभरून केळी दिली होती. आल्यावर तिसऱ्या दिवशी ती गॅलरीतल्या कुंडीपाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाय, आमटीत टाकायला कढीपत्त्याची दोन पानं तोडू का?"