भाऊजींसकट डबा

शिलाईकाकूंचा राग नाकावर असतो असं गल्लीत म्हणतात. तो खरं तर तोंडात असतो, टाचण्यांच्या शेजारी. दातांत टाचण्या धरून त्या जे बोलतात ते गिऱ्हाइकाला निम्मंच कळतं आणि तेवढंच पुष्कळ होतं.

त्यांचं दुकान म्हणजे एक जुना लोखंडी कंटेनर. सगळे त्याला डबा म्हणतात. समोरच्या गोदामाच्या मॅनेजरनंच "इथं ठेवा काकू, आपलंच समजा" म्हणत तो फाटकाशेजारी ठेवायला लावला होता. आता गोदामाला रुंद फाटक बसायचं होतं, आणि तोच मॅनेजर डब्याकडे असा बघत होता, जणू तो रातोरात उगवलाय.

"मुद्दा काय आहे काकू," तो म्हणाला. त्याला मुद्द्याशिवाय तोंड उघडता येत नसे. "संध्याकाळपर्यंत डबा कोपऱ्यातल्या भिंतीला चिकटला पाहिजे. नाहीतर उद्या गॅसकटरवाले येतील. भंगारात जाईल."

"वर विजेच्या तारा, खाली हा बोळ. क्रेन काय खिशातून काढू?"

"तो माझा मुद्दा नाही."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी पंक्चरवाल्याकडून ट्रकचा जॅक आणला, प्लंबरकडून पाइप आणले आणि घरातून नवरा आणला. दीर न आणता आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी डब्याला एक फेरी मारली.

"वहिनी, मी आत बसतो. मशिनं धरायला कुणीतरी हवं."

"मशिनं बोल्टनं जाम केलीत, भाऊजी."

"मग बोल्टवर लक्ष नको?" असं म्हणून त्यांनी आत शिरून दार ओढून घेतलं.

बाहेर घामाची आंघोळ सुरू झाली. जॅकनं एकेक टोक उचलायचं, खाली पाइप सारायचे, पहारीनं मागून रेटायचं, मागं सुटलेला पाइप उचलून पुढं धावायचं. डबा कण्हत, कुरकुरत निघाला. आतून झरोक्यातून अखंड चालू होतं, "येऊ द्या... येऊ द्या... दमानं... शाब्बास."

वळणावर काकू म्हणाल्या, "दार रस्त्याकडे राहू दे. उलट्या अंगानं फिरवा."

"भलतंच काय, वहिनी," झरोका म्हणाला. "सोप्या बाजूनं घ्या. अंदाज आहे मला."

आणि ज्यांना सगळं दिसत होतं, त्यांनी ज्याला काहीच दिसत नव्हतं त्याचं ऐकलं. या घरात सल्ला भाऊजींचा आणि घाम इतरांचा, ही वाटणी जुनी होती. नवऱ्यानं पाइप तिरके लावले, डबा फिरला आणि जाऊन भिंतीला टेकला.

"छान," मॅनेजर म्हणाला. "चिकटला."

आतून धाडकन आवाज आला. मग पुन्हा.

"वहिनी, दार कशाला तरी अडतंय."

"भिंतीला," काकू म्हणाल्या.

जॅक चालवायला आलेला पंक्चरवाला तोंड फिरवून खोकला. काकूंना हसू आलं नाही. दारच उघडत नसेल तर ते दुकान कसलं? मॅनेजर घड्याळ बघत सटकायला लागला. "दार हा काही माझा..."

"थांबा," काकू म्हणाल्या. "'इथं ठेवा' म्हणालात तेव्हा मुद्दा तुमचा होता. 'हलवा' म्हणालात तेव्हाही तुमचाच. फक्त घाम गाळायची वेळ आली की माझा? धरा ती पहार."

त्यानं धरली. का धरली ते त्यालाही कळलं नसावं.

"पुन्हा उचला. आता मी सांगेन. आणि भाऊजी, आतून शब्द आला तर काम बंद."

"पण वहिनी, पाइप जरा तिरका..."

काकूंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. नवऱ्यानं पहार खाली ठेवली. कुणी हललं नाही. झरोक्यात नाक दिसलं आणि मागं गेलं. मग अशी शांतता पसरली की नवऱ्यानं काळजीनं पत्र्यावर टकटक केली. आतून नुसता हुंकार आला, तोही दबका.

काकू उठल्या. डबा भिंतीपासून सुटला, फिरला आणि पाठ लावून परत टेकला, दार रस्त्याकडे करून. अजून उजेड होता.

भाऊजी बाहेर आले, कोरडं कपाळ पुसत. "बघा, एक बोल्ट हलला नाही."

काकूंनी एक पाइप उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवला. भाऊजी जागच्या जागी वाकले.

"प्लंबरकडे परत पोचवायचेत. सगळे."

"मी?"

"घाबरू नका," काकू स्टुलावर टेकत म्हणाल्या, "मी सांगते ना. येऊ द्या... येऊ द्या... दमानं."