काकूंचा ताणा आणि माझा अर्ज

आमच्या मोहल्ल्यातला रस्ता रुंद होणार हे सगळ्यांना माहीत होतं. किती रुंद, ते कोणालाच माहीत नव्हतं. मोजणीवाले साखळी धरून मोजून गेले, काही भिंतींवर गेरूने आकडे टाकून गेले. आकड्याचा अर्थ विचारला तर म्हणाले, वॉर्ड ऑफिसात विचारा.

शेजारच्या काकूंच्या भिंतीवरही आकडा होता. त्यांच्या घरात हातमाग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला. तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, संपत आला होता. नवा चढवायचा म्हणजे जुन्याच्या एकेका धाग्याला नवा धागा जोडत बसायचं, आणि मग पुढचे काही महिने तिथेच लुगडी विणायची. मध्येच घर पडलं तर सगळं सूत वाया.

"मले येवढंच विचारून सांग गा," काकू म्हणाल्या. "घर रस्त्याच्या रेषेच्या आत हाय का बाहेर. ताणा चढवू का नोको."

मी विशीत होतो. पोरांच्या एका संघटनेची पत्रकं लिहायचो. वॉर्ड ऑफिसातले बाबू म्हणाले, नकाशा दाखवता येत नाही, अर्ज द्या. घरं लोकांची, नकाशा त्यांच्याच घरांचा, आणि दाखवता येत नाही! मी अर्ज लिहिला. दोन पानं. सुरुवातच 'या मुजोर व निद्रिस्त प्रशासनाचा तीव्र निषेध' अशी. काकूंचं घर दुसऱ्या पानावर, अगदी खाली आलं, 'उदाहरणार्थ' म्हणून. संघटनेत वाचून दाखवला तेव्हा पोरं खूश झाली.

बाबूंनी वरच्या दोन ओळी वाचल्या, शिक्का मारला आणि पोच दिली. पोच खिशात घालून मी मोहल्लाभर मिरवलो. शिक्क्यात काय लिहिलंय ते वाचलं नाही.

मग दर सोमवारी चकरा. दर सोमवारी उत्तर एकच, कार्यवाही चालू आहे. इकडे काकूंचं शेवटचं लुगडं उतरलं आणि माग रिकामा झाला. काकू रिकाम्या मागाशी नुसत्या बसून राहायच्या. शेवटी मीच म्हणालो, चढवा. अर्ज पडून आहे तोवर ते भिंतीला हात लावू शकत नाहीत. हे कोणत्या कायद्यात आहे ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या एका पत्रकात होतं, आणि ते पत्रक मीच लिहिलं होतं.

काकू आणि त्यांची सून दोन दिवस धागे जोडत होत्या. पुढच्याच आठवड्यात, सकाळी, पाडणारे आले. सामान बाहेर काढायला वेळ दिला. भांडी आली, गाद्या आल्या. मी पोच हातात धरून घोषणा देत होतो. त्यांच्या साहेबांनी पोच वाचली आणि परत दिली. काकू आत गेल्या, कात्री घेतली, ताणा कापला, गुंडाळून काखेत मारला आणि बाहेर आल्या. मग छपरावरचे कवेलू उतरवायला सुरुवात झाली. मी पोच घडी करून खिशात घातली. तेव्हा काय वाटलं, आठवत नाही. बहुतेक काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. बाबूंनी पोच उलटसुलट पाहिली. हा तक्रारीचा शिक्का आहे, म्हणाले, तुमची तक्रार वर गेली आहे. नकाशाची नक्कल पाहिजे होती तर चार ओळींत नक्कल मागायची, आठ दिवसांत मिळते.

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं, भाऊ? तुम्ही तं निषेध करून राह्यले होते."

तिथेच उभ्याउभ्या चार ओळी लिहिल्या. आठ दिवसांनी नकाशाची नक्कल खरंच मिळाली.

काकू तोवर शहराबाहेर वाडीला गेल्या होत्या, ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे भाड्याच्या खोलीत. फरशी सिमेंटची, खड्डा करायची सोय नाही. मी नकाशा पसरला. त्यांनी विचारलं, माग कुठं होता. मी बोट ठेवलं.

"म्हंजे पहिलेपासूनच आत होतं."

मी हो म्हणालो.

काकू कापलेल्या सुताच्या वाती वळत होत्या. एक जुडी कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. तुझ्या मायले दे, म्हणाल्या, देवापुढं लावाले होतीन.