भाट्याचा तांडेल बर्फावर उभा राहतो

बर्फ मासळीवर घालायचा असतो, माणसाने त्याच्यावर उभं राहायचं नसतं, हे मला कॅनडात गेल्यावर कळलं.

आमची लेक सायली तिथल्या एका डोंगरातल्या गावात हिवाळाभर लहान मुलांना स्नोबोर्डिंग शिकवते. म्हणजे दोन्ही पाय एका फळीला बांधून घ्यायचे आणि बर्फाच्या उतारावरून स्वतःला सोडून द्यायचं. (यासाठी लोक रांगा लावतात!) आमच्या भाटे गावची मासेमारीची बोट मेहुण्याच्या, दत्ताच्या, हवाली करून आम्ही नवराबायको तिच्याकडे राहायला गेलो. पहिल्याच फोनवर दत्ता म्हणाला, "भावोजी, तुमी त्या फंदात पडू नका हां. तुमचा काय ता वय नाय."

झालं! मी तांडेल. आयुष्यभर हलत्या बोटीवर उभा राहून खलाशांना हुकूम सोडलेला माणूस. डेकवर कोणी धडपडला की माझं ठरलेलं वाक्य, "पाय घसरला तो दर्यावर्दी कसला?" आता माघार घेतली असती तर बंदरावर तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

"दत्ता, रविवारी समद्या खलाशांना बोलव," मी म्हणालो. "मी उभ्याने खाली येताना बघा!"

"बाबा, रविवारी?" सायली किंचाळली. "तुम्हाला अजून बूट घालता येत नाहीत!"

आठवडाभर मी तिच्या वर्गात शिकलो. वितीएवढी पोरं भुर्रकन निघून जायची आणि मी बसायचो. (खरं म्हणजे आपटायचो.) पण हटलो नाही. शनिवारी कंबर शेकत बसलो असताना दोष सापडला. तो माझा नव्हताच, फळीचा होता! बोट पाण्यात लोटताना आम्ही वाळूवर फळ्या टाकतो आणि त्यांना तेल चोपडतो. तेलाशिवाय बोट सरकत नाही, तर तांडेल कसा सरकेल? बायकोने भाट्याहून आणलेलं खोबरेल गोठून दगड झालं होतं. ते पातळ केलं आणि गुपचूप अख्खी बाटली फळीच्या तळाला चोळली.

रविवारी बायको साडीवर लेकीचं जॅकेट चढवून, फोन धरून उतारावर उभी राहिली. आमच्याकडे दुपार, भाट्याला सोमवारची पहाट. दर्यावर निघण्याआधी सगळे खलाशी दत्ताच्या फोनभोवती जमलेले. मी पाय बांधले, हात पसरले, गणपतीचं नाव घेतलं.

काहीच झालं नाही.

थंडीने खोबरेल पुन्हा गोठलं होतं आणि त्याला बर्फाचे गोळे घट्ट चिकटले होते. मी पुढे झुकलो, मागे झुकलो, फळी जागची हलेना!

फोनमधून दत्ताचा आवाज आला, "ताय, नेट अडाकला गो. भावोजी हलत नायत!"

"नेट बरा हाय," बायको म्हणाली. "तुझे भावोजीच अडाकलेत!"

"बाबा, फळीला काय लावलंत?"

"खोबरेल. आपल्या घरचं."

"अहो बाबा, याला मेण लावतात! सोडा पाय, उतरा."

"उतरणार नाय!"

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. फोन लेकीच्या हातात दिला, पदर खोचला आणि भाट्याच्या किनाऱ्यावर बोट लोटताना देतात तशी आरोळी दिली, "हैऽऽया!" उतारावर जमलेल्या वर्गातल्या गोऱ्या पोरांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण आरोळी बरोबर कळली. सगळी धावत येऊन माझ्या पाठीला भिडली. "हैऽऽया!"

बर्फाचे गोळे फुटले आणि मी सुटलो! डोळे गच्च मिटलेले, तोंडाने गणपती, पण उभा! सायली फोन धरून शेजारून घसरत होती आणि फोनमधले खलाशी नाचत होते.

खाली सपाटीवर फळी थांबली. मी पाय मोकळे केले, छाती काढली आणि फोनला नमस्कार करायला एक पाऊल पुढे टाकलं. दुसऱ्या क्षणी मी सपाट जमिनीवर साष्टांग पसरलो होतो.

"आता बघा," दत्ता खूश होऊन म्हणाला, "नेट कसा झकास आला!"

परत आल्यावर पहिल्याच दिवशी बोटीवर चढायला गेलो. सगळ्यात लहान खलाशाने धावत येऊन डेकवर गोणपाट अंथरलं, हात पुढे केला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तांडेल, जपून हां. रात्री दव पडलाय."

मी मुकाट्याने हात धरला.