खुर्चीवरची अळी

आमच्या मोताळ्याकडे मुलगी बघायला पाहुणे आले की तिच्या हातचं भरतकाम त्यांच्यासमोर मांडायची रीत होती. घरोघरी तेच गुलाब, तेच पोपट. महाराष्ट्र राज्य नवीन झालं, पण पोपट जुनेच राहिले. मला त्यांचा भयंकर कंटाळा होता.

थोरल्या ताईलाही होता. तिने कपाशीचं झाड भरायला घेतलं, आणि तेही रुमालावर नाही, खुर्चीच्या कापडावर. गल्लीतल्या सुतारकाकांनी बाभळीची रुंद हातांची खुर्ची केली आणि पाठीवर हौसेने कपाशीचं पान कोरलं. शेजारच्या शिंपीकाकांनी आमच्याच वावरातला कापूस भरून गाद्या शिवल्या, ताईच्या निळ्या कापडाला तांबडा गोट लावला. रंगावरून तिघांची रोज भांडणं. पण खुर्ची तयार झाली आणि मी तिच्याभोवती फिरतच राहिले. इतकी देखणी वस्तू आमच्या घरात कधी आली नव्हती.

खुर्चीच्या उजव्या हातावरच्या गादीवर भरलेल्या बोंडावर ताईने बोंड पोखरणारी एक शेंदरी अळीही भरली होती. आईने ती पाहून कपाळाला हात लावला.

"पाव्हणे काय म्हनतीन? ते अळी उसव आधी."

"बोंड हाय तं अळी येतेच," ताई म्हणाली. "मी नाई उसवत."

आधीचं एक स्थळ ताईच्या अशाच फटकळपणाने गेलं होतं. आता बघायला येणारा मुलगा तर तिने मावशीच्या लग्नात पाहिलेला, मनातून पसंत केलेला. तरी अळी काही उसवली नाही.

पाहुणे आले. मुलाचे वडील कापूस पिकवण्यात मुरलेले; त्यांना मानाने खुर्ची दिली. बोलता बोलता त्यांची नजर हाताखाली गेली आणि त्यांनी अळी चिमटीत धरली. निघेना. नखाने ओढली. तरी निघेना. आई पांढरीफटक पडली.

ते वाकून बघत राहिले, मग ओशाळं हसले. "मले वाटलं, खरीच हाय." दाराआडच्या ताईला त्यांनी विचारलं, "पोरी, हे अळी काऊन भरली व?"

आई सारवासारव करायला पुढे झाली, पण ताईच बोलली. "वावरात असते म्हनून."

म्हातारबुवा मुलाकडे वळले. "खरं बोलते पोरगी. आपल्या घरी पाह्यजे." मुलगा केव्हाचा मान डोलावत होता. "अन् खुर्ची बी संगं येईन ना?" बाबा लगेच हो म्हणाले. मला कोणी विचारलंच नाही.

पाठवणीला ताई बैलगाडीत बसली, मागे खुर्ची चढली. मी हमसून हमसून रडले. बायका म्हणाल्या, "बहिणीवर लय जीव हाय पोरीचा." तो होताच. पण अर्धं रडू खुर्चीचं होतं, आणि ते फक्त ताईला कळलं. गाडी हलता हलता तिने माझ्या मुठीत निळ्या कापडाचा उरलेला तुकडा कोंबला. त्यावर एक अळी भरलेली होती.